किल्ली आणि खिट्टीच्या मधे

किल्ली फिरते, पण गाडी हूं की चूं करत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लागत नाहीत, स्टार्टर ओढत नाही, आणि हाताला नेहमी जाणवणारा तो हलका अडसरही नाहीसा झालेला असतो. 1969 पासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जनरल मोटर्सने बनवलेल्या शेव्हरोले, पाँटिॲक, ब्यूक, ओल्ड्समोबिल किंवा कॅडिलॅक गाड्या ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना हे लक्षण चांगले ठाऊक आहे. कधी उलटा प्रकार होतो: गाडी चालू होते, पण किल्ली मागे फिरवली तरी इंजिन थांबत नाही, किंवा इंजिन लागल्यावरही स्टार्टर सुटत नाही आणि फिरून फिरून जळतो. मग बॅटरी बदलली जाते, स्टार्टर उतरवला जातो, तारा चाचपल्या जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कारण तो विजेत नसतोच. स्टिअरिंगच्या खांबाच्या पोटात, किल्लीचे कुलूप आणि विजेचा स्विच यांना जोडणारी जी यांत्रिक साखळी असते, तिचा एखादा दुवा तुटलेला किंवा घसरलेला असतो. अशा वेळी सगळीकडेच एक झटपट उपाय सुचवला जातो. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात: किल्लीला सोडून द्यायचे, तारा बाहेर काढायच्या, डॅशबोर्डखाली एक खटका आणि एक बटण बसवायचे आणि गाडी चालवायची. हा उपाय चुकीचा आहे, असे या लेखाचे स्पष्ट म्हणणे आहे. जुन्या गाडीतली ही साखळी खोलून, तपासून, तिच्या मूळ क्रमाने पुन्हा उभी केली पाहिजे. ज्याला आपण ‘इग्निशन’ म्हणून एका शब्दात मोकळे होतो, ते एकाच वेळी तीन कामे करते आणि डायरेक्ट केलेली गाडी त्यातले फक्त एकच काम करते.

ही तीन कामे एका जागी का आली, ते पाहिले म्हणजे मुद्दा उलगडतो. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत बहुतेक अमेरिकी गाड्यांत किल्लीची जागा डॅशबोर्डवर होती. स्विच कुलपाच्या लगेच मागे असे, दोघांच्या मधे काहीच नसे. तारा मागून जोडल्या की चोराचे काम होई, आणि असे चोर बहुतेकदा अल्पवयीन, भरधाव पळणारे असत. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या पाहणीनुसार 1966 या एका वर्षात चोरलेल्या सुमारे 94,000 गाड्या अपघातांत सापडल्या आणि त्यांपैकी 18,000 हून अधिक अपघातांत माणसे जखमी झाली. म्हणजे गाडीची चोरी हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नव्हता, रस्त्यावरून चालणाऱ्या तिऱ्हाइताच्या जिवाचाही होता. म्हणूनच तिथल्या परिवहन खात्याने चोरीविरोधी कुलपाचा नियम सुरक्षा-मानक म्हणून काढला. तो 114 क्रमांकाचा नियम 1 जानेवारी 1970 पासून लागू झाला. किल्ली काढली की इंजिन चालू होता कामा नये, आणि त्याशिवाय स्टिअरिंग तरी अडले पाहिजे किंवा गाडी स्वतःच्या बळावर पुढे जाता कामा नये, असा त्याचा आशय. जनरल मोटर्सने वर्षभर आधीच, 1969 च्या गाड्यांत, किल्लीचे कुलूप स्टिअरिंगच्या खांबावर आणले होते. या नियमाचा जन्मच माणसे वाचवण्यासाठी झाला, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याने विसरू नये.

आता खांबाच्या आत काय चालते ते पाहू. किल्ली घातली की कुलपाचा नळा फिरतो. त्याच्या शेपटीला दात असलेला एक पंख्यासारखा तुकडा असतो. तो फिरला की त्याचे दात एका दातेरी पट्टीला ढकलतात आणि फिरण्याचे रूपांतर सरकण्यात होते. ही पट्टी एका लांब सळईला जोडलेली असते. सळई खांबाच्या कडेने खाली, डॅशबोर्डच्या आत, जवळजवळ ब्रेकच्या पेडलपर्यंत उतरते आणि तिथे खांबाच्या पाठीवर दोन स्क्रूंनी बसवलेल्या स्विचची घोडी मागेपुढे सरकवते. म्हणजे हात फिरतो वर आणि वीज जोडली जाते तिथून कितीतरी खाली. त्याच दातेरी पट्टीवर दुसरे काम सोपवलेले असते. किल्ली ‘लॉक’ला नेली की एक पोलादी खिट्टी पुढे सरकते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेल्या खाचांच्या चक्तीत जाऊन बसते. मग चाक फिरत नाही. तिसरे काम गिअरचे. ऑटोमॅटिक गाडीत दांडी ‘पार्क’मध्ये असल्याखेरीज किल्ली ‘लॉक’पर्यंत जाऊ नये, अशी अडवणूक याच खांबात केलेली असते. गिअरची दांडी जमिनीवर असली, तरी गिअरबॉक्सपासून खांबापर्यंत एक जोडसळई आणून तोच निरोप पोचवला जाई. वीज, स्टिअरिंग आणि गिअर या तिघांना एकमेकांची खबर देणारी ही एकच वाट आहे.

ज्यांच्या गाडीत चाक वर-खाली झुकवता येते, त्यांच्या खांबात ही वाट आणखी नाजूक होते. खांबाला वरच्या टोकाजवळ सांधा असतो, त्यामुळे सरळ पट्टी चालत नाही आणि तिथे जोड द्यावा लागतो. इथली दातेरी पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असते. करडी, हलकी, बोटभर लांबीची. तळहातावर घेतली तर खेळण्यातला तुकडा वाटावा अशी. एका कडेला चार-पाच ठसठशीत दात, दुसऱ्या टोकाला सळईला पकडणारी आकडी. तुटते ती बहुधा या आकडीच्या मानेशी, नाहीतर एखादा दात पायथ्यापासून उडतो. तुटलेली कड दाणेदार, साखरेच्या खड्यासारखी चमकते. पोलाद आधी वाकते, मग तुटते. ही ओतीव वस्तू वाकतच नाही. त्यामुळे तिने पूर्वसूचना दिलेली असते ती एकाच मार्गाने: गेले कित्येक महिने किल्ली थोडी जड जात होती.

इथे दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा विचार येतो, आणि घाईत नेमका तोच निसटतो. तुटलेला दुवा हा दोषी दुवा असेलच असे नाही. पट्टी तुटली हे खरे, पण ती का तुटली? खालच्या स्विचमधले ग्रीस तीस-चाळीस वर्षांत वाळून लाखेसारखे घट्ट होते आणि घोडी सरकायला दुप्पट जोर लागतो. सळई कुठेतरी वाकून खांबाला घासत असते. झुकणाऱ्या खांबाच्या सांध्यातले चार बोल्ट सैल होतात, चाक हातात डुगडुगू लागते आणि प्रत्येक डुगडुगीबरोबर दात दातावर नीट बसत नाहीत. हा सगळा भार शेवटी साखळीतल्या सगळ्यात दुबळ्या तुकड्यावर येतो. नवी पट्टी घालून खांब मिटवला आणि स्विच तसाच जड ठेवला, तर नवी पट्टीही त्याच वाटेने जाणार. म्हणून निदान खालून वर करावे. डॅशबोर्डखाली दिवा धरून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावी आणि सळई हलते का ते पाहावे. हलत नसेल तर दोष वर, दातांत किंवा पट्टीत. हलते पण वीज येत नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा तो जागेवर नीट न बसण्यात. स्विच सोडवून हाताने घोडी सरकवली तर किती जोर लागतो, तेही कळते. गाडी ‘पार्क’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी अडण्या लावलेल्या, एवढे मात्र आधी झालेच पाहिजे.

‘एवढे कशाला? पन्नास वर्षांची गाडी, महिन्यातून दोनदा बाहेर निघते, एक बटण लावले तर बिघडले कुठे?’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो वरवर व्यवहारी आहे. पण त्यात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. पहिली, आगीची. बॅटरीकडून इग्निशनच्या स्विचकडे येणारी जाड तार ही गाडीतली प्रमुख वाहिनी असते. या काळातल्या अनेक गाड्यांत तिच्यावर नेहमीचा फ्यूज नसतो, इंजिनजवळ एक वितळणारा जोड तेवढा असतो. त्या तारेला अर्ध्यात कापून, टेप गुंडाळून, हलक्या खटक्यातून सगळा प्रवाह नेणे म्हणजे डॅशबोर्डमागे निखारा ठेवण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. बटणाने वीज जोडली, पण खिट्टी कुठे आहे? पट्टी तुटलेली असताना किल्लीची जागा आणि खिट्टीची जागा यांचा संबंध तुटलेला असतो. किल्ली ‘चालू’ दाखवते म्हणून खिट्टी मागे आहे, असे म्हणता येत नाही. चालत्या गाडीत ती खाचेत उतरली तर चाक जागच्या जागी अडेल. डायरेक्ट करणारा विजेचा प्रश्न सोडवतो आणि स्टिअरिंगचा प्रश्न तसाच झाकून ठेवतो. काही जण यावर खिट्टीच काढून टाकतात. धोका कमी होतो हे मान्य, पण मग गाडी पुन्हा 1966 मध्ये जाऊन उभी राहते, कोणीही दार उघडून पळवावी अशी.

किल्लीच्या साखळीतली थोडीशी ढिलाई किती महाग पडू शकते, याचा पुरावा जुन्या गाड्यांतून शोधण्याची गरज नाही. तो याच कंपनीच्या पुढच्या पिढीतल्या गाड्यांनी दिला. सॅटर्न आयॉन, शेव्हरोले कोबाल्ट आणि त्यांच्या भावंड-गाड्यांत स्विच कुलपाला लागूनच होता, लांब सळई नव्हती. पण किल्लीला प्रत्येक जागी धरून ठेवणारी, स्प्रिंगवर दाबलेली जी छोटी खुंटी असते, तिचा जोर ठरवलेल्यापेक्षा कमी होता. गुडघ्याचा धक्का लागला, खड्ड्यात चाक गेले, किंवा किल्लीला जड जुडगा लटकत असला, की किल्ली ‘चालू’वरून आपोआप मागे सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंगची मदत जाई आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. 2005 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी उपाय सुचवले होते, ते खर्चाच्या हिशेबात बसले नाहीत. त्याऐवजी विक्रेत्यांना कळवले गेले की ग्राहकांना जुडगा हलका ठेवायला सांगा आणि किल्लीच्या डोक्यातल्या लांबट खाचेत बसणारा एक तुकडा द्या, म्हणजे तिचे छोटे भोक होईल आणि जुडगा कमी झोके घेईल. पुढे 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले आणि 2015 मध्ये 90 कोटी डॉलरचा दंड भरून फौजदारी खटल्यात समझोता झाला. अमेरिकी संसदेच्या सुनावणीत त्या सुट्या भागाची किंमत 57 सेंट असल्याचे कंपनीच्याच कागदावरून पुढे आले.

या प्रकरणातला एक तपशील दुरुस्तीच्या कामाला थेट लागू पडतो. 2006 च्या सुमारास स्विचमधली खुंटी आणि स्प्रिंग बदलून लांब केली गेली होती, पण भागाचा क्रमांक मात्र तोच ठेवला होता. त्यामुळे कागदावर जुना आणि नवा स्विच एकच दिसे आणि दोष वर्षानुवर्षे लपून राहिला. तो सापडला तेव्हा कागद चाळून सापडला नाही. एका अपघाताच्या दाव्यात नेमलेल्या तज्ज्ञाने बाजारातून नवा स्विच आणला, जुन्याच्या शेजारी ठेवला, दोन्ही उघडले आणि खुंटीची लांबी ताडून पाहिली. जुन्या खांबाची पट्टी विकत आणणाऱ्यानेही हेच करावे. झुकणाऱ्या खांबाची पट्टी वेगळी, सरळ खांबाची वेगळी, आणि वर्षागणिक दातांत आणि आकडीत फरक आहेत. डब्यावरचा क्रमांक जुळला म्हणून तुकडा जुळला असे समजू नये. जुना आणि नवा टेबलावर शेजारी ठेवून दात मोजावेत, आकडीची वळणे पाहावीत, मगच हात घालावा.

‘मुळात जस्ताचा तुकडा घातला हीच चूक, तर पोलादाची पट्टी कातून का बसवू नये?’ असेही विचारले जाते. मूळ रचनेत काटकसर होती हे नाकारण्यात अर्थ नाही. इतक्या लोकांच्या गाड्या एकाच जागी तुटाव्यात, ही रचनेतली उणीवच आहे. पण पोलादी पट्टी बसवली की भार नाहीसा होत नाही, शेजारच्या दुव्यावर जातो. तिच्याशी दात लावून बसलेला पंखाही ओतीवच आहे, आणि तो तुटला तर काम आणखी वाढते. साखळी हलकी चालेल असे करणे, म्हणजे स्विच नवा घालणे, सळई सरळ करणे, घासणाऱ्या जागी योग्य ग्रीस लावणे, सांध्याचे बोल्ट घट्ट करणे, हाच खरा उपाय आहे. असे केले तर जस्ताची पट्टीही पुष्कळ वर्षे टिकते.

चोरीवरून घेतला जाणारा आक्षेप जरा वेगळा आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत चोरांनी हा खांब पुरता ओळखला होता. पान्याने बाहेरची ओतीव साल फोडायची आणि आतली पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने सरकवायची, की गाडी चालू. मग ज्या साखळीला चोर सहज हरवतो, ती सांभाळायची कशाला? खुद्द कंपनीने याला दिलेले उत्तर इथे उपयोगी आहे. 1986 च्या कॉर्व्हेटपासून किल्लीच्या पात्यात विजेचा छोटा अवरोध बसवला गेला. पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी गाडीच्या नोंदीतले मूल्य जुळल्याशिवाय स्टार्टर फिरत नसे. म्हणजे जुन्या अडथळ्याच्या जोडीला नवा अडथळा आला, जुना काढला गेला नाही. याउलट ज्या गाड्यांत असा इलेक्ट्रॉनिक अडथळा नव्हता, त्यांचे काय झाले ते अलीकडेच दिसले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ह्युंदाई आणि किआच्या किल्लीवाल्या गाड्या खांबाचे आवरण उचकटून, कुलूप उपटून, यूएसबीच्या पिनेने चालू करण्याची युक्ती पसरली. 2023 च्या फेब्रुवारीत 83 लाख गाड्यांसाठी सुधारित सॉफ्टवेअर जाहीर करावे लागले, तोवर किमान 14 अपघात आणि 8 मृत्यूंची नोंद झाली होती. 1966 च्या पाहणीतले चित्र जणू पुन्हा उभे राहिले. जुनी गाडी सांभाळणाऱ्याने चोराची भीती असेल तर खांबाची साखळी पूर्ण ठेवून वर लपवलेला बॅटरी-स्विच बसवावा. एका अडथळ्याला दुसरा जोडावा, पहिला उखडू नये.

राहिला प्रश्न हे काम कोणी करायचे. स्टिअरिंगला हात लावायचा तर तो अधिकृत कारागिराचाच असावा, हे म्हणणे मला अर्धे पटते. ज्या खांबात एअरबॅग आहे, तिथे बॅटरी सोडून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबल्याशिवाय, आणि ती पद्धत माहीत असल्याशिवाय कोणी हात घालू नये. पण त्याआधीच्या खांबांसाठी अडचण अशी की असा खांब उघडलेला कारागीरच आता दुर्मीळ होत चालला आहे. म्हणून पदवीपेक्षा शिस्त पाहावी. हे काम जोराचे नाही. चाक काढायला पुलर लागतो, खाचांची चक्ती दाबायला तिचे खास साधन लागते, कारण तिच्यामागे ताकदीची स्प्रिंग दाबून ठेवलेली असते आणि कडी निघाल्यावर ती तोंडावर येऊ शकते. सांध्याच्या पिना बाहेर ओढायलाही वेगळे साधन आहे. जो माणूस ही साधने नसताना हातोडी उचलतो, त्याच्याकडून काम काढून घ्यावे. 1967 पासूनचे जनरल मोटर्सचे खांब अपघातात दबून छातीवरचा आघात शोषावा म्हणून बनवलेले आहेत. आतला दांडा आणि बाहेरचा नळा दुहेरी असून त्यांना प्लास्टिकच्या बारीक पिनांनी जागेवर धरलेले असते. दांड्याच्या टोकावर दोन घाव बसले की त्या पिना आतल्या आत कापल्या जातात. बाहेरून काही दिसत नाही, खांब मात्र ढिला झालेला असतो. स्क्रूंच्या लांबीचेही तसेच आहे. मूळपेक्षा लांब स्क्रू घातला तर अपघातात खांब दबायच्या आधी तो त्याला अडवू शकतो. ‘हाताशी होता तो घातला’ हे वाक्य इथे चालत नाही.

मजुरी पार्टपेक्षा कितीतरी जास्त होते, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर गोड उत्तर नाही. तुकडा स्वस्त, वाट लांब. पण या मजुरीत खांब एकदा पूर्ण खोलला जातो. म्हणून त्याच वेळी सांध्याचे चारही बोल्ट, बेअरिंग, खिट्टीची स्प्रिंग आणि स्विच हे सगळे पाहून घेतले, तर तो खर्च एका तुकड्याचा राहत नाही, पुढच्या अनेक वर्षांचा होतो. स्विच बसवताना तर विशेष सावधपणा हवा. त्याची भोके मुद्दाम लांबट असतात, म्हणजे तो मागेपुढे सरकवून सळईशी जुळवता यावा. नवा स्विच एका ठरावीक जागी अडकवलेल्या पिनेसह येतो. पिन नसेल तर त्या भोकात अडीच मिलिमीटरच्या आतबाहेरची ड्रिलची काडी घालून तो धरतात, किल्ली पुस्तकात सांगितलेल्या जागी ठेवतात, सळई घोडीत बसवतात आणि मग स्क्रू आवळतात. इथे दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तर किल्ली सोडल्यावरही स्टार्टर लागून राहतो, किंवा किल्ली ‘बंद’ असताना इंजिन चालूच राहते.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांना एवढीच विनंती. किल्ली जड जाऊ लागली, सैल वाटू लागली, किंवा चाक हातात डुगडुगू लागले, तर पट्टी तुटायची वाट पाहू नका, आणि जुडग्यातल्या घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या आजच वेगळ्या करा. दुरुस्ती झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करून स्वतः पाहा. किल्ली पाचही जागी थांबते का, ‘स्टार्ट’वरून सोडली की आपोआप ‘चालू’वर परत येते का, ‘पार्क’ आणि ‘न्यूट्रल’ सोडून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्टर लागत नाही ना, आणि दांडी ‘ड्राइव्ह’वर असताना किल्ली ‘लॉक’ला जात नाही ना, हे बघा. मग इंजिन बंद करून, ‘पार्क’मध्ये, किल्ली बाहेर काढा आणि चाक हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. थोड्या अंतरात खट् असा आवाज येऊन चाक अडले पाहिजे. तो आवाज आला नाही, तर गाडी कितीही छान चालू झाली तरी काम अजून झालेले नाही.